रक्तदाबाची टक्केवारी छापताना वयही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यात हृदयविकाराचा धोका किती वाढला हे सांगण्यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीतले उच्च रक्तदाबाचे आकडे शेजारी ठेवले, तर फसगत होते. चौथ्या फेरीचा आकडा ५० च्या आतल्या लोकांचा. पाचव्या फेरीत १५ वर्षांवरील सगळे आले, म्हणजे आजी-आजोबासुद्धा. शिवाय दाब १४०/९० च्या खाली असूनही गोळी चालू असलेला माणूस या वेळी 'उच्च रक्तदाब' या गटात मोजला आहे. वाढ खरी असेलही, पण ती या वजाबाकीतून कळत नाही. सर्वेक्षणाच्या व्यक्तिनिहाय नोंदींच्या मूळ फाइलमधून दोन्ही फेऱ्यांतले १५ ते ४९ वयाचेच लोक घ्यावेत, व्याख्या एकच ठेवावी आणि नमुन्याचे भारांक (पाहणीतला प्रत्येक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने मोजायचा, ते सांगणारे आकडे) लावावेत.

हृदयविकाराच्या धोक्याचा हिशेब याहून अवघड आहे. सर्वेक्षणात कोलेस्टेरॉल तपासलेले नाही आणि साखर उपाशीपोटीची नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा प्रयोगशाळेविना वापरायचा २०१९ चा धोका-तक्ता उरतो. त्याला वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि बॉडी मास इंडेक्स (वजन-उंचीवरून काढलेला आकडा) लागतो, आणि तो ४० ते ७४ वयासाठी आहे. अडचण इथेच येते. वजन-उंची बायकांची ४९ पर्यंत आणि पुरुषांची ५४ पर्यंतच घेतलेली आहे. साठीतल्या बाईचा दाब नोंदवलेला आहे, वजन नाही. ज्या वयात झटके जास्त येतात, तेच वय हिशेबाबाहेर राहते. तिथे सरासरी वजन भरून आकडा काढणे आम्हाला मान्य नाही.

निपाणीच्या तंबाखू पट्ट्यासाठी आणखी एक गोष्ट. सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकातल्या तंबाखू सेवनाच्या आकड्यात मिश्री, गुटखा, चुना-तंबाखू सगळे एकत्र आहे. तक्त्याला फक्त बिडी-सिगारेट हवी. ती वेगळी काढता येते, पण पुरुषांची सविस्तर मुलाखत सुमारे १५ टक्के घरांतच झाली, त्यामुळे एका जिल्ह्यापुरता तो आकडा डळमळीत असतो.

बेळगाव आणि कोल्हापूर यांची तुलना मात्र जरूर करावी. दोन्हीकडची पाहणी पाचव्या फेरीच्या पहिल्याच टप्प्यात, २०१९ मध्ये, एकाच पद्धतीने झाली. खानापूर विरुद्ध चंदगड असे तालुके लावू नयेत, कारण नमुना जिल्ह्यासाठी आखलेला असतो.

आपल्या दैनिकाला विनंती, की अशी टक्केवारी छापताना तिच्या शेजारी वयोगट आणि फेरीचे वर्ष द्यावे.

आपले,
सार्वजनिक आरोग्याचे काही अभ्यासक, बेळगाव