नाशिकच्या सिडकोतल्या टीव्ही मेकॅनिक काकांना, पडद्यावरच्या रफारासाठी

काका, सप्रेम नमस्कार.

पंचवटीतल्या आपल्या अभ्यासिकेत भिंतीवरच्या त्रेचाळीस इंची टीव्हीवर आता शेवटच्या रांगेतूनही ‘सर्व’मधला रफार आणि ‘संघ’मधला अनुस्वार वेगवेगळे ओळखू येतात. टीव्ही तोच, लॅपटॉप तोच, केबलही तीच. तुम्ही रिमोट घेऊन उभे राहिलात, मेनूतल्या पाच-सहा गोष्टी बदलल्यात आणि प्रत्येक बदल कशासाठी ते समजावून सांगितलंत. त्याबद्दल अभ्यासिकेतल्या सगळ्यांकडून मनापासून आभार.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. नाशिकरोडला, सातपूरला, सिन्नरला, ओझरला, जिथे जिथे लॅपटॉप टीव्हीला जोडून मुलांना नकाशे आणि पीडीएफ दाखवतात, तिथे अक्षरं पुसट दिसण्याची तक्रार आहेच. तुम्ही लावून दिलेला तपासणीचा क्रम त्यांच्याही उपयोगाचा आहे. म्हणून तो जसाच्या तसा इथे उतरवतो. काही चुकलं असेल तर हक्काने सांगा.

तुमचं मुख्य सांगणं एकच होतं. लॅपटॉपने पाठवलेला एक ठिपका पॅनलच्या नेमक्या एकाच ठिपक्यावर बसला पाहिजे. टीव्ही मूळचा सिनेमा आणि मॅच दाखवण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे आलेलं चित्र ताणणं, रेखीव करणं, रंग चढवणं हे तो आपणहून करतो. हलत्या चित्रात ते खपून जातं. अक्षराची रेघ मात्र एक-दोन ठिपक्यांची असते, तिला हात लावला की ती बिघडलीच. तेव्हा टीव्हीचं हे काम एकेक करून थांबवायचं.

पहिली तपासणी कडांची. विंडोजचा टास्कबार खाली पूर्ण दिसतो का, वरच्या उजव्या कोपऱ्यातली फुली कापली जाते का, हे बघायचं. कापली जात असेल तर टीव्ही चित्र फुगवतोय. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या डबा टीव्हीत चित्राच्या कडा वाकड्यातिकड्या यायच्या, त्या चौकटीमागे लपाव्यात म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं काढत. काचेची नळी गेली, सपाट पॅनल आलं, तरी ती रीत टीव्हीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिल्लक राहिली. तुम्ही कागदावर मांडून दाखवलेला हिशोब आम्ही जपून ठेवलाय: चारही बाजूंनी अडीच टक्के कापले तर १९२०×१०८० मधले १८२४×१०२६ ठिपके उरतात, आणि तेवढेच पुन्हा १९२०×१०८० जागेवर ताणून बसवले जातात. म्हणजे एका ठिपक्याला सुमारे १.०५ ठिपक्यांची जागा. पॅनलचा ठिपका तर तोडता येत नाही, म्हणून टीव्ही शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळतो. त्यामुळे कडा कापलेल्या टीव्हीवर मधोमध असलेलं अक्षरही धूसर दिसतं. हा संबंध फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो. कडा चालवून घेतात आणि धूसरपणावर उपाय म्हणून नवी केबल आणतात.

उपाय रिमोटवरच आहे, पण प्रत्येक कंपनीत त्याचं नाव वेगळं. पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशोच्या मेनूत जायचं. एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, सोनीत ‘फुल पिक्सेल’ असं सापडतं. इतर टीव्हींमध्ये ‘डॉट बाय डॉट’ शोधायचं, नाहीतर ‘ओव्हरस्कॅन’ बंद करायचं. नुसतं ‘१६:९’ निवडलं की झालं असं समजू नये. बऱ्याच टीव्हींत १६:९ म्हणजेच फुगवलेलं चित्र. आणखी एक फसगत: लॅपटॉपच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये (चित्र बाहेर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), विशेषतः एएमडी कंपनीच्या, चित्र लहान करायची पट्टी असते. तिने कडा आत येतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. खरं तर आता लॅपटॉप चित्र आक्रसतो आणि टीव्ही ते पुन्हा फुगवतो, म्हणजे ताणाताण दोनदा. ती पट्टी शून्यावरच ठेवायची आणि दुरुस्ती टीव्हीतच करायची.

त्याच बैठकीत एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करायचं. सॅमसंग आणि एलजीच्या बऱ्याच टीव्हींत हे नाव किंवा चिन्ह लावलं की पुष्कळशी चित्रप्रक्रिया आपोआप बंद होते. नुसतं नाव बदलून काय होणार, असं ज्याला वाटेल त्याने करून बघावं.

खात्री करायची तुमची युक्ती आम्हाला फार आवडली. पेंटमध्ये १९२०×१०८० चा कोरा कागद घ्यायचा. पूर्ण झूम करून एक ठिपका काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांचा एक छोटा चौकोन काढायचा आणि तो चिकटवत चिकटवत पानभर पसरवायचा. फाइल पीएनजीमध्येच साठवायची, जेपीजी बारीक रेघा स्वतःच खराब करतं. विंडोजचं स्केलिंग (अक्षरं मोठी करायची सेटिंग) तेवढ्यापुरतं १०० टक्के, फाइल ब्राउझरमध्ये उघडून त्याचा झूम १०० टक्के, मग एफ ११ दाबून पान पूर्ण पडद्यावर. पडद्याजवळ जाऊन बघितलं की रेघा सुट्या आणि सारख्या दिसल्या पाहिजेत. कुठे राखाडी पट्टे किंवा लाटा दिसल्या तर अजून कुणीतरी चित्र ताणतंय.

ते ‘कुणीतरी’ कधी कधी लॅपटॉपच असतो. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा १३६६×७६८ आणि टीव्ही १९२०×१०८०, आणि विंडोज व पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडलेलं असेल, तर दोन्हीकडे लहानच रिझोल्यूशन जातं. ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडावं. नंतर सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून टीव्ही निवडला की डेस्कटॉपचे आणि प्रत्यक्ष सिग्नलचे आकडे एकाखाली एक दिसतात. ते जुळत नसतील तर ग्राफिक्स ड्रायव्हर मध्येच चित्र ताणतोय हे कळतं.

आता शार्पनेस. या एका पट्टीने मराठी अक्षराचं जेवढं नुकसान होतं तेवढं दुसऱ्या कशाने होत नसेल. नावावरून वाटतं की वाढवल्यावर स्पष्ट दिसेल. प्रत्यक्षात टीव्ही प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना उजळ किनार जोडतो. पिवळट पानांच्या स्कॅन केलेल्या पुस्तकात ती जवळून दिसते: शिरोरेषेच्या वर आणि खाली एकेक पांढरी रेघ पळते. रफार आणि अनुस्वार नेमके त्याच जागी बसलेले असतात, म्हणून सगळ्यात आधी तेच तुटतात. शिवाय अक्षराचा बाक गुळगुळीत दिसावा म्हणून कंप्युटर कडेला करडे ठिपके घालतो. शार्पनेस त्यांना काळ्या-पांढऱ्यात ढकलतो आणि वेलांटी करवतीच्या पात्यासारखी दिसायला लागते.

पट्टी कुठे ठेवायची याला एकच आकडा नाही. काही टीव्हींत शून्य म्हणजे ‘काही करू नको’, तर काहींत शून्याकडे नेलं की चित्र उलट मऊ पडतं. सोनीच्या बऱ्याच टीव्हींत ५० हाच मधला, काही न करणारा आकडा आहे. म्हणून तुम्ही दाखवलंत तसंच करावं: फिक्या राखाडी पानावर काळी रेघ लावायची, पट्टी खाली आणत जायचं, पांढरी किनार नाहीशी झाली की थांबायचं. त्याच मेनूत नॉइज रिडक्शन, डायनॅमिक काँट्रास्ट, मोशन वाढवणारं जे काही असेल ते आणि खोलीतल्या उजेडानुसार पडदा मंद करणारं इको सेटिंग, हे सगळं बंद.

रंगाचा दोष आम्ही वर्षभर छपाईचा समजत होतो. नाशिक जिल्ह्याचा नकाशा लावला की हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांतली तालुक्यांची नावं माखल्यासारखी दिसायची. ब्रह्मगिरीहून निघालेली गोदावरीची निळी रेघ पुसट व्हायची आणि त्याच पानावरचा काळा मजकूर मात्र चांगला दिसायचा. काळं स्पष्ट आणि रंगीत माखलेलं, ही क्रोमा सबसॅम्पलिंगची खूण. व्हिडिओत जागा वाचवण्यासाठी उजेड प्रत्येक ठिपक्याचा ठेवतात आणि रंग मात्र वाटून देतात. ४:२:२ मध्ये आडव्या दोन ठिपक्यांना मिळून एक रंग, ४:२:० मध्ये दोन बाय दोनच्या चौकोनाला एक. लॅपटॉपला ४:४:४ किंवा आरजीबी, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र रंग, पाठवायला सांगायचं आणि टीव्हीला पीसी नाव द्यायचं, तेव्हाच प्रत्येक ठिपक्याचा रंग शेवटपर्यंत टिकतो. दोन्हींपैकी एकच केलं तर उपयोग होत नाही. मॅकवाल्यांनीही हे बघावं, तिथे टीव्हीला आरजीबीऐवजी व्हिडिओचा सिग्नल जाण्याची शक्यता असते.

काळ्या रंगाची तपासणी सोपी आहे. कंप्युटर काळा ० आणि पांढरा २५५ धरतो, व्हिडिओचा टीव्ही १६ आणि २३५ धरतो. लॅपटॉप १६ ते २३५ पाठवत असेल आणि टीव्ही ० ते २५५ ची वाट बघत असेल तर काळं राखाडी पडतं, सगळ्या चित्रावर दुधाळ पापुद्रा आल्यासारखं. उलट झालं तर सावलीतलं सगळं काळ्यात बुडतं. एनव्हिडियाच्या पॅनलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ आणि इंटेलच्या ॲपमध्ये ‘क्वांटायझेशन रेंज’ अशी ही सेटिंग सापडते. टीव्हीत तिचं नाव ‘ब्लॅक लेव्हल’. फुल रेंजसाठी, म्हणजे ० ते २५५ साठी, सॅमसंगमध्ये ‘नॉर्मल’, एलजीत ‘हाय’. दोन्हीकडे एकच रेंज असली की झालं.

केबलबद्दल तुम्ही थोडक्यातच सांगितलंत, आणि तेच पुरेसं आहे. एचडीएमआयची केबल खराब असेल तर पांढरे ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो किंवा सिग्नलच येत नाही. ती चित्र मऊ किंवा धूसर करत नाही. सोन्याचा मुलामा असलेल्या पिनेने अक्षर सुधारत नाही. व्हीजीएची गोष्ट वेगळी: तो ॲनालॉग सिग्नल, लांब वायरीत अक्षरामागे सावली दिसू शकते. तिथे टीव्हीतलं ‘ऑटो ॲडजस्ट’ आणि ‘फेज’ वापरावं.

फोर-के टीव्ही असलेल्यांसाठी एवढंच: एचडीएमआय १.४ च्या पोर्टवर किंवा साध्या यूएसबी-सी ॲडॉप्टरवर ३८४०×२१६० ला ३० हर्ट्झच मिळतात, म्हणजे चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलतं, आणि माउसचा बाण अडखळत चालतो. ६० हर्ट्झला पूर्ण रंगासह सेकंदाला १८ गिगाबिटची, म्हणजे एचडीएमआय २.० ची जोडणी लागते. टीव्हीतही त्या पोर्टसाठी सॅमसंगचं ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीचं ‘डीप कलर’ किंवा सोनीचं ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ चालू करावं लागतं.

बत्तीस इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीवाल्यांना तुम्ही जे स्पष्ट सांगता, ते दुकानात कुणी सांगत नाही. त्यांतल्या बऱ्याच टीव्हींचं पॅनल १३६६×७६८ चं असतं, पण ते १०८० चा सिग्नल आनंदाने घेतात. १०८० ओळी ७६८ मध्ये कोंबल्या की अक्षर पुसट होणारच, कुठल्याही सेटिंगने ते थांबत नाही. लॅपटॉपमध्ये १३६६×७६८ किंवा १३६०×७६८ मिळत असेल तर ते निवडावं. नसेल तर १२८०×७२० ठेवून पानाचा झूम वाढवावा. ज्यांना अभ्यासिकेसाठी नवीन घ्यायचा आहे, त्यांनी आकार थोडा लहान घ्यावा, पण पॅनलचे ठिपके विचारूनच घ्यावा.

काका, तुम्ही सांगितलेले सगळे आकडे आम्ही एका कागदावर लिहून टीव्हीच्या मागच्या बाजूला चिकटवलेत. बऱ्याच टीव्हींत सेटिंग प्रत्येक इनपुटचं वेगळं साठतं, म्हणून दोन नंबरच्या एचडीएमआय पोर्टला निळी चिकटपट्टी लावली आहे. साफसफाईत वायर निघाली तर ती तिथेच परत लागेल. रेघांची पीएनजी फाइल आणि जिल्ह्याचा नकाशा एका पेन ड्राइव्हवर घातलाय. तो येत्या रविवारी तुमच्या दुकानात आणून देतो, गिऱ्हाइकाला दाखवायला तुम्हाला उपयोगी पडेल.

आपले,
अभ्यासिकेची देखभाल करणारे कार्यकर्ते
पंचवटी, नाशिक