परवाचं क्रियापद

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

"परवा नक्की लिहितो," असं तुला फोनवर सांगितलं त्याला तीन आठवडे झाले. माफी मागत नाही. उलट माझ्या या गुणाला इंग्रजीत नाव सापडलंय, तेच कळवतोय: पेरेंडिनेट.

प्रोक्रॅस्टिनेट, म्हणजे चालढकल करणं, तुला ठाऊक आहे. त्यात लॅटिन 'क्रास' आहे, म्हणजे उद्या. हा शब्द त्याच्याही एक पाऊल पुढे. 'पेरेंदिए' म्हणजे परवा, म्हणून पेरेंडिनेट म्हणजे काम परवावर ढकलणं. त्यातला 'दिए' आपल्या दिवसाचा दूरचा चुलतभाऊ.

पण वकीलसाहेब, तुमच्या कामाचं पुढेच आहे. रोमन कोर्टात 'कॉम्पेरेंदिनातिओ' नावाची रीत होती. अधिकाऱ्यांनी प्रजेला लुबाडल्याच्या खटल्यात पहिली सुनावणी संपली की मध्ये एक दिवस सोडून परवा दुसरी. तारीख कायद्यानेच दिलेली! इ. स. पू. ७० मध्ये सिसिली धुऊन खाल्लेल्या तिथल्या सुभेदारावर, व्हेरेसवर, सिसेरो नावाच्या रोमन वकिलाने खटला चालवला. बचावाचा डाव असा की, खेळांच्या आणि सणांच्या सुट्ट्यांत दिवस घालवायचे आणि प्रकरण पुढच्या वर्षात न्यायचं. कारण त्या वर्षी बचावाचा वकील होर्टेन्सियस स्वतःच कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, होणार होता. सिसेरोने हे ओळखलं, लांबलचक भाषणाला फाटा दिला आणि थेट साक्षीदार उभे केले. व्हेरेस दुसऱ्या सुनावणीला थांबलाच नाही. मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेयला, पळाला. तुझ्या कोर्टात असा घाईचा वकील कधी पाहिलास का रे?

इंग्रजीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे: निघतो निघतो म्हणत मुक्काम वाढवणं. मध्ययुगात केंब्रिजच्या कॉलेजांत पैसे भरून राहणाऱ्या पाहुण्यांना याच मुळातलं नाव होतं. दिवाळीत तुझ्याकडे दोन दिवस म्हणून आलो आणि अकरा दिवस राहिलो, ते हेच. वहिनींना सांग, फुकट्या नव्हे, लॅटिन पाहुणा होता.

आपला 'परवा' मात्र रोमनांनाही भारी. त्यांचा परवा फक्त पुढे जातो, आपला मागेही. आमच्या इथला शिंपी म्हणतो, "परवा या." गेलो की म्हणतो, "अहो, परवाच तर शिवून ठेवला होता, सापडत नाहीये." दोन्ही वाक्यं खरी, सदरा मात्र नाही.

तुझ्याकडे यायचंय. वार सांगतो: शनिवार, सकाळची एसटी. परवा म्हणत नाही.

तुझाच,
आळशी

ता. क. पत्र लिहून झालं, पण टपालाची तिकिटं संपलीत. आणतो… उद्या.