ब्रुकलिनची ‘छोटी नक्कल’ म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेच्या प्रवासावरचा लेख वाचला. शिकागोला पाऊण पान आणि सिनसिनाटीला अडीच परिच्छेद, याची आम्हा ओहायो नदीकाठच्या मंडळींना सवय आहे. वराहमांसाच्या व्यापारामुळे या गावाला ‘पोर्कोपोलिस’ म्हणत, हेही लेखकाने आवर्जून सांगितले. सांगोत बापडे, गावकऱ्यांनीच नदीकाठी पंखवाल्या डुकरांचे पुतळे उभारले आहेत. पण ओहायोवरच्या आमच्या झुलत्या रोबलिंग पुलाला न्यूयॉर्कच्या ‘ब्रुकलिन ब्रिजची छोटी नक्कल’ म्हटलेले वाचले आणि चहा तसाच राहिला.

सिनसिनाटीचा पूल लोकांसाठी खुला झाला डिसेंबर १८६६ मध्ये. ब्रुकलिनचा १८८३ मध्ये. सतरा वर्षे आधी उभा राहिलेला पूल नक्कल कोणाची करणार? दोन मनोऱ्यांमधला १०५७ फुटांचा गाळा, तेव्हा जगातला सर्वांत लांब, दोन्ही पुलांचे आराखडे करणाऱ्या जॉन रोबलिंग यांनी आधी इथे टाकून दाखवला. ब्रुकलिनच्या कामाची पाहणी करताना पायाला इजा होऊन १८६९ मध्ये ते धनुर्वाताने गेले. म्हणजे त्यांनी डोळ्यांनी पुरा झालेला पाहिला तो आमचा पूल.

माझ्या रागाचे खरे कारण मात्र घरगुती आहे. पुण्याचे आमचे साडू इथे आले होते तेव्हा त्यांना हौसेने पुलावर नेले. गाड्यांच्या चाकांखाली लोखंडी जाळी गुणगुणते, म्हणून इथले लोक त्याला ‘गाणारा पूल’ म्हणतात, तेही ऐकवले. साडूंनी वर पाहिले, खाली पाहिले आणि म्हणाले, “अहो, ही तर ब्रुकलिनची झेरॉक्स!” तोच मथळा देऊन फोटो घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. मी दोन्ही सनावळ्या लिहून पाठवल्या, तर उत्तरादाखल एक अंगठा आला. विषय मिटला असे मी समजत होतो. काल सकाळी तुमच्या लेखाचे कात्रण गटावर आले, खाली साडूंची ओळ: “बघा, पेपरातही आलंय.” आता सांगा, छापील कागदापुढे माझे कोण ऐकणार? मेहुणीनेही टाळ्या पाठवल्या.

लेखकाने पुलावर पाच मिनिटे जास्त घालवली असती, तर काय काय हाती लागले असते! काम सुरू झाले १८५६ मध्ये, पण पुढच्याच वर्षीच्या आर्थिक मंदीत रखडले. पलीकडचे केंटकी गुलामगिरीचे राज्य, अलीकडचे ओहायो मुक्त. पूल झाला तर गुलाम पळून येतील ही धास्ती होतीच. आगबोटवाल्यांचा विरोध वेगळा. १८६२ मध्ये, यादवी युद्धात, दक्षिणेचे सैन्य चालून येतेय म्हटल्यावर कोळशाचे पडाव जोडून तरंगता पूल करावा लागला, आणि मग पक्क्या पुलाची निकड सगळ्यांना पटली. (पूल आज केंटकी सरकारच्या ताब्यात आहे, हे मला ठाऊक आहे. अभिमान बाळगायला सातबारा लागत नाही.)

मी मूळचा सांगलीचा. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले, हे विचारत ज्यांचे श्रावण गेले, त्यांना पुढचे समजावून सांगावे लागणार नाही. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, इथे ओहायोचा पूर ५२ फुटांपासून धरतात. जानेवारी १९३७ मध्ये पाणी जवळजवळ ८० फुटांवर गेले. २४ तारखेला पेट्रोलच्या टाक्या सुटून पुराच्या पाण्यावरच आग लागली. त्या दिवसाला अजून ‘काळा रविवार’ म्हणतात. बेसबॉलच्या मैदानात इतके पाणी की दोघे जण होडीतून कुंपणावरून आत गेले. वरच्या-खालच्या शेकडो मैलांत रस्त्याचे पूल बंद पडले, पण पोचरस्त्यावर वाळूची पोती रचून हा पूल चालू ठेवला. ‘छोटी नक्कल’ ती हीच!

बरे, लेखासोबतचा फोटो तरी या पुलाचा असावा? तोही नाही. ‘ऐतिहासिक झुलता पूल’ म्हणून छापलेला तो पिवळ्या कमानींचा पूल महामार्गाचा आहे आणि मॅकडोनाल्ड्सच्या चिन्हासारख्या त्या कमानींमुळे गावकरी त्याला ‘बिग मॅक पूल’ म्हणतात. रोबलिंगचा पूल निळा आहे, त्याला दगडी मनोरे आहेत. आपल्याकडे छायाचित्रे तपासणारे कोणी असेल, तर त्यांना सुट्टीवरून परत बोलवावे.

जाता जाता आणखी एक. ई-पेपरमध्ये सांगलीचे पान उघडले की गेले कित्येक दिवस कोल्हापूरचेच पान येते. दोनदा कळवले, पोच नाही. कोल्हापूरकरांशी आमचे वैर नाही, पण पावसाळ्यात मला पातळी कृष्णेची हवी असते, पंचगंगेची नव्हे.

पुलाची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी, आतल्या कोपऱ्यात नको. कात्रण गटावर टाकायचे आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
सिनसिनाटी (मूळ गाव सांगली)