शिबिरात आत्याबद्दलही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की पुण्यात स्तनाच्या कर्करोगाचे फलक लागतात, सोसायट्यांत तपासणी शिबिरं भरतात. मी कोथरूडच्या एका निदान केंद्रात एमआरआय तंत्रज्ञ आहे. शिबिरांनंतर आम्हाला हमखास फोन येतात, "मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, दुखते म्हणतात, त्यापेक्षा एमआरआयच करून टाकू का?" आणि जिला एमआरआयची खरी गरज होती, ती मात्र गाठ हाताला लागल्यावर आमच्या टेबलावर येते. हे मला बघवत नाही, म्हणून लिहिते आहे.

एमआरआय सरसकट सगळ्यांनी करायची तपासणी नव्हे. कॅल्शियमचे बारीक कण ही काही कर्करोगांची पहिली खूण असते. ते मॅमोग्राफीत दिसतात, एमआरआयमध्ये नाही. शिवाय एमआरआयमध्ये निरुपद्रवी गाठीही उजळून दिसतात. मग पुन्हा सोनोग्राफी, सुई घालून बायोप्सी, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरभर धास्ती. गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून गॅडोलिनियम हे औषध द्यावं लागतं, पालथं झोपून अर्धा-पाऊण तास न हलता राहावं लागतं, खर्चही बराच येतो.

पण धोका जास्त असलेल्या स्त्रियांची गोष्ट वेगळी. नेदरलँड्समध्ये अशा १,९०९ स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आजूबाजूच्या ऊतींत शिरलेल्या कर्करोगांपैकी मॅमोग्राफीत ३३ टक्के सापडले, एमआरआयमध्ये जवळजवळ ८० टक्के. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या (या दोषानं स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो) किंवा तरुणपणी छातीवर रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांना अमेरिकन कॅन्सर सोसायटी २००७ पासून दरवर्षी मॅमोग्राफीच्या जोडीला एमआरआय सुचवते.

आपल्याकडे या स्त्रिया ओळखायच्या कशा? शिबिराच्या फॉर्मवर एकच प्रश्न असतो, "घरात कोणाला कॅन्सर आहे का?" लग्न झालेली बाई सासरच्या माणसांचा विचार करते आणि "नाही" लिहून टाकते. मागे एक चाळिशीच्या आतली बाई आली होती. फॉर्मवर "नाही" होतं. बांगड्या, मंगळसूत्र, साडीच्या पिना काढून ठेवताना सहज बोलता बोलता म्हणाली, आत्या छातीच्या गाठीनंच गेली, आतेबहिणीचंही ऑपरेशन झालंय. मी विचारलं, हे आधी कुठे सांगितलं नाहीत? "आईचं नि मावशीचं विचारलं होतं. आत्याचं कोणी विचारलंच नाही." बीआरसीएचा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. ज्याच्या अंगी तो आहे, त्याच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मी लगेच आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना बोलावलं आणि त्यांनी तिला जनुकीय समुपदेशनासाठी पाठवलं. पण ही माहिती एमआरआयच्या दारात योगायोगानं कळावी, हे काही बरोबर नाही.

दुसरी गोष्ट स्तनाच्या घनतेची. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ए ते डी असा घनतेचा प्रकार लिहिलेला असतो, तोही इंग्रजीत. डी म्हणजे अतिशय घन. अशा स्तनाची ऊती फिल्मवर पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच, त्यामुळे गाठ लपून राहते. ५० ते ७५ वयाच्या, अतिशय घन स्तनांच्या, पण मॅमोग्राफी नॉर्मल आलेल्या स्त्रियांवरचा डच अभ्यास २०१९ मध्ये आला. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणाऱ्या कर्करोगांचं प्रमाण एरवी हजारी ५ होतं. ज्या गटाला एमआरआयसाठी बोलावलं, त्यात ते २.५ वर आलं. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून घनतेची माहिती प्रत्येक स्त्रीला सोप्या भाषेत कळवणं सक्तीचं आहे. आपल्याकडची बाई "नॉर्मल" एवढं ऐकते आणि रिपोर्ट कपाटात ठेवून देते. मराठीत दोन ओळी लिहून द्यायला केंद्रांना असा काय खर्च येणार आहे?

शिबिरांत नर्स हातानं तपासतात, त्याला कोणी कमी लेखू नये. टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. शिबिरं व्हायलाच हवीत. फक्त तिथे नाती नावानिशी विचारा, आणि ज्या मोजक्या जणींना एमआरआय लागेल त्यांना तो परवडेल अशी सोय महापालिकेनं करावी.

आपल्यालाही एक विनंती. येत्या ऑक्टोबरच्या पुरवणीत कापून घेता येईल असा तक्ता छापा : आई, बहीण, मुलगी, मावशी, आत्या, दोन्हीकडच्या आज्या. प्रत्येकीपुढे स्तनाचा की अंडाशयाचा कर्करोग, आणि तो कितव्या वर्षी झाला, यासाठी जागा असू द्या. वडील आणि भाऊ यांच्यासाठीही एकेक ओळ ठेवा, कारण स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. बायका तो भरून शिबिरात घेऊन येतील.

आपली,
एक एमआरआय तंत्रज्ञ, कोथरूड, पुणे