शेखावाटीच्या हवेल्यांना वाली हवा

महोदय,

राजस्थानातील शेखावाटी भागातल्या नवलगढला नुकताच जाऊन आलो. गल्लोगल्ली व्यापाऱ्यांच्या जुन्या हवेल्या, आतबाहेर चित्रांनी मढवलेल्या. पण कित्येकींना वर्षानुवर्षे कुलूप आहे. एके ठिकाणी कृष्णाच्या चित्रावरच ऑइलपेंटचा पिवळा हात मारलेला पाहिला आणि पोटात कालवले.

ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेल्या चित्रांचा रंग गिलाव्यातच मुरतो, म्हणून ती वाळवंटी उन्हातही शंभर-दीडशे वर्षे टिकली. गेरू, नीळ, काजळी हे जुने रंग. पुढे परदेशी रासायनिक रंग आले आणि देवादिकांच्या शेजारी आगगाड्या, मोटारी, टोपीवाले साहेबही अवतरले. अशा भिंतीची डागडुजी सिमेंटने करणे म्हणजे तिचा जीव घेणे. सिमेंट ओल आत कोंडते, मग चित्राचे पापुद्रे सुटतात. चुन्याला चुनाच लागतो.

या वैभवाचा बराच पैसा मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांवर कमावलेला. वर्ध्यात दत्तक आलेले जमनालाल बजाज मूळचे शेखावाटीतल्याच सीकरजवळचे. माटुंग्याच्या पोद्दार महाविद्यालयामागचे घराणे नवलगढचेच. त्यांची १९०२ची हवेली आज संग्रहालय म्हणून नीट जपली आहे. याच भागातल्या फतेहपूरची एक हवेली तर फ्रेंच चित्रकार नादिन ल प्रँस यांनी विकत घेऊन सावरली.

मुंबईत स्थायिक झालेल्या इतर वारसदारांना कळकळीची विनंती आहे: वाटण्यांचे वाद मिटेपर्यंत निदान छपरे गळू देऊ नका, आणि रंगाऱ्याला चित्रांना हात लावू देऊ नका.

– एक वाचक, दादर