गवती चहा चालतो

प्रिय सई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, माझी रूममेट मॉर्मन आहे, पण आपल्या युटावाल्यांसारखी नाही गं. ही खरी मॉर्मन आहे." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि विषय राहून गेला. तो 'खरी' शब्द मात्र दोन दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला पुरतं बोलू कुठे देतेस!

इथे युटात, मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथने अमेरिकेत स्थापलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत, बाहेरची म्हणून वाढल्याचा तुझा राग मी विसरलेले नाही. बुधवारी संध्याकाळी गल्लीतल्या मुली चर्चमध्ये जमायच्या, गुरुवारी शाळेत त्याच गप्पा, आणि तू त्यात नसायचीस. रविवारी खेळायला कोणी नाही. हायस्कूलमध्ये दिवसातला एक तास मैत्रिणी रस्त्यापलीकडच्या सेमिनरीत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जायच्या आणि तू लायब्ररीत बसायचीस. ही पद्धत सॉल्ट लेकच्या ग्रॅनाइट हायस्कूलमध्ये १९१२ साली सुरू झाली आणि युटात इतकी मुरली, की आता ती वेळापत्रकाचाच भाग वाटते. तुझी रूममेट तिकडे मेन राज्यात चार वर्षं पहाटे पाचला उठून बर्फातून त्याच सेमिनरीला गेली. अख्ख्या शाळेत ती एकटी मॉर्मन. वाचलं तेच: जुना करार, नवा करार, मॉर्मनचा ग्रंथ आणि जोसेफ स्मिथच्या साक्षात्कारांचं पुस्तक. इथल्या मुलींना ते शाळेच्या वेळात मिळालं, तिला झोप मोडून. मग माणसं सारखी कशी घडतील?

त्यांचा वॉर्ड, म्हणजे एका चर्चची मंडळी, आपल्या नगरपालिकेच्या वॉर्डासारखाच नकाशावर आखलेला असतो. कुठे जायचं ते पत्त्यावरून ठरतं, आवडीवरून नाही. युटात चार-पाच गल्ल्यांचा एक वॉर्ड होतो, त्यामुळे शेजार आणि चर्च वेगळं काढता येत नाही. आपण सभासद नसलो तरी त्या रेषेच्या आत राहतो. म्हणून तर बाबांच्या ऑपरेशननंतर लागोपाठ पाच दिवस डबे आले. 'फ्युनरल पोटॅटोज' आठवतात? किसलेले बटाटे, चीज, क्रीमचं सूप आणि वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. नाव ऐकून बाबा म्हणाले होते, "अहो, मी आहे अजून!" ज्या जवळिकीने तुला बाहेर ठेवलं तिनेच आपल्याला जेवू घातलं. यातलं एक घ्यायचं आणि दुसरं टाकायचं, असं मला तरी जमलेलं नाही. मेनमध्ये पाच-सहा गावं मिळून एक वॉर्ड. तिथे सख्खा शेजारी कॅथलिक किंवा काहीच न मानणारा, त्यामुळे तिला लहानपणापासून स्वतःबद्दल समजावून सांगायची सवय. इथल्या मुलींना तसं कोणी विचारलंच नाही.

आता चहाचं. समोरच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा मी आलं घालून मस्त चहा केला आणि त्यांनी हसून नाही म्हटलं. मला इतकं लागलं! डोंबिवलीत कोणी चहाला नाही म्हटलं तर आपलं काही चुकलं का, असंच वाटतं. नंतर कळलं, १८३३ च्या एका साक्षात्कारात दारू आणि तंबाखूबरोबर 'गरम पेयं' वर्ज्य सांगितली आहेत, आणि त्याचा अर्थ चहा-कॉफी असा लावला जातो. कोको मात्र गरम असला तरी चालतो. मी गवती चहा दाखवला, त्यात चहाची पत्ती नाही हे शपथेवर सांगितलं, तेव्हापासून त्या दोन कप घेतात.

या एका ओळीचं ठिकठिकाणी काय होतं ते बघ. युटात कॉफी नको म्हणणं कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण समोरचाही पीत नाही. कॉफीची ती पोकळी इथे सोड्याने भरली: कोकमध्ये नारळाचं सिरप आणि क्रीम घालून देणारी दुकानं चौकाचौकात. गंमत म्हणजे कॅफिनमुळे कोकही निषिद्ध आहे असं कित्येक जण वर्षानुवर्षं धरून चालले होते. तसं नाही असा चर्चने २०१२ साली खुलासा केला, तरी त्यांच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आवारात कॅफिनवाला कोक मिळायला २०१७ उजाडलं. तिकडे हैदराबादचा विचार कर. तिथे २०१२ साली भारतातला पहिला स्टेक, म्हणजे अनेक वॉर्डांचा मिळून एक विभाग, झाला. तिथल्या सभासदाला आत्याकडे, साहेबाकडे, मुलगी बघायला गेल्यावर, सगळीकडे चहाला नाही म्हणावं लागतं. नियम तोच, पण इथे फुकट पाळता येतो आणि तिथे रोज किंमत मोजून.

लग्नाचं तर तू स्वतः पाहिलं आहेस. काकूंच्या मुलीचं टेंपलमध्ये, म्हणजे फक्त पात्र सभासदांनाच प्रवेश असलेल्या त्यांच्या मंदिरात, लग्न, आणि नवऱ्या मुलाचे आईवडील सभासद नाहीत म्हणून बाहेर बागेत बसून. आधी सगळ्यांसमोर कायदेशीर लग्न केलं असतं तर टेंपलच्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागलं असतं. मला वाटायचं, हा श्रद्धेचाच भाग असणार. पण इंग्लंडमध्ये कायदाच सांगतो की लग्न सर्वांना खुल्या जागी व्हावं, म्हणून तिथले मॉर्मन आधी तसं लग्न करून मग टेंपलला जात, आणि त्यांना ते वर्ष लागत नव्हतं. २०१९ च्या मे महिन्यात ही अट सगळीकडूनच गेली. टेंपलमध्ये बांधलेली गाठ मरणानंतरही टिकते ही श्रद्धा तसूभर हलली नाही. काकूंनी बातमी वाचली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

याहून मोठी गोष्ट कृष्णवर्णीयांची. १९७८ पर्यंत त्यांच्या पुरुषांना पौरोहित्य मिळत नव्हतं आणि ते ईश्वरी आज्ञेसारखं सांगितलं जाई. नायजेरिया आणि घानामध्ये लोक मिशनरी येण्याआधीच स्वतःहून मंडळ्या चालवत होते आणि आम्हाला घ्या म्हणून पत्रं पाठवत होते. ब्राझीलमध्ये तर सगळं मिसळलेलं, कोणाचं रक्त कुठलं हे ठरवणार कोण? आणि तिथे साओ पाउलोला टेंपल उभं राहत होतं, ज्यातले विधी या बंदीमुळे कित्येकांना मिळाले नसते. बंदी उठली, आणि २०१३ साली चर्चने बंदीसाठी दिलेली जुनी कारणंही नाकारली. काय सिद्धांत आणि काय सवय, हे आतल्या माणसालाही चटकन कळत नाही. मग फोनवर आपण दोघींनी कशाला ठरवायचं?

आणि बोस्टन म्हणजे मोकळं, युटा म्हणजे कर्मठ, हेही सोडून दे. तुझ्या कॉलेजच्या परिसरातल्या मॉर्मन बायकांनी १९७४ मध्ये स्वतःचं नियतकालिक काढलं, ते युटातल्या बायकांच्या १८७२ च्या जुन्या पत्राचं नाव घेऊन. युटात बायकांना मत मिळालं १८७० साली.

मी एकदा काकूंबरोबर सॉल्ट लेकच्या टोंगन वॉर्डात गेले होते. पुरुषांच्या कमरेला विणलेल्या चटया, आणि गाणं असं की छत उडावं. आपल्या गल्लीतल्या चर्चमध्ये सगळे कुजबुजल्यासारखं गातात. पाव आणि पाणी वाटतानाची प्रार्थना मात्र दोन्हीकडे तीच, ठरलेल्या शब्दांची. तिथे पोराचा एक शब्द चुकला, त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली.

सई, खरं सांगू? तुझ्यावर इथे अन्याय झाला असं मी खूप वर्षं धरून होते. मग एकदा आठवलं, डोंबिवलीत आमच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब होतं. चैत्रात आम्ही प्रत्येक दारी हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायचो आणि त्यांचं दार सोडून पुढे जायचो. मनात काही वाईट नव्हतं. सुचतच नसे. त्यांची मुलगी माझ्याच वयाची होती.

थँक्सगिव्हिंगला रूममेटला घेऊन ये. तिला 'मॉर्मन' म्हटलेलं चालतं का ते आधी विचार. २०१८ साली त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष नेल्सन यांनी चर्चचं पूर्ण नाव वापरायला सांगितलं होतं, मला मेलीला जुनी सवय. रविवारी तिला काकूंबरोबर चर्चला जाऊ दे, गाडीने सोडू नकोस. चालत तीन मिनिटं आहे, तिला ते चालून बघू दे. आणि कुंडीतला गवती चहा थंडीने गेला. तिकडच्या इंडियन स्टोअरमध्ये मिळाला तर एक जुडी आण.

तुझी
आई