आई-बाबा, यंदा दिवाळीत चालणं बंद पडू द्यायचं नाही

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही म्हणून लिहून काढतेय. फोनवर मी चालण्याचा विषय काढला की बाबा "हो हो, चालू आहे" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई म्हणते जेवलीस का, आणि विषय तिथंच राहतो. बाबा, तुम्ही चष्मा लावून मोठ्यानं वाचा, म्हणजे आईला भाजी निवडता निवडता ऐकता येईल.

यंदा अधिक ज्येष्ठ आला त्यामुळं गणपती उशिरा आले आणि दिवाळी गेली नोव्हेंबरात. आता पितृपंधरवडा चालू आहे म्हणजे आज यांच्याकडे खीर-वडे उद्या त्यांच्याकडे, मग लगेच घट बसणार, दसरा, कोजागिरीचं आटवलेलं दूध, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत फराळाचे डबे काही रिकामे होत नाहीत. गणपतीपासून मोजलं तर दोन महिन्यांच्या वर झाले. गेल्या वर्षी गौरी जेवल्या त्या दिवशी बाबांचं चालणं सुटलं ते मार्गशीर्ष लागला तरी सुरू नव्हतं, आधी पाहुणे, मग पाऊस, मग आईला सामान आणून द्यायचं, मग थंडी. कारणं सगळी खरी होती, मी नाही म्हणत नाही. पण सप्टेंबरात ७.१ आलेली बाबांची तीन महिन्यांची शुगर जानेवारीत ८.३ आली आणि तो रिपोर्ट तुम्ही मला आठ दिवस सांगितला नाहीत. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

ही तीन महिन्यांची शुगर म्हणजे काय ते एकदा सांगते, कारण बाबा तुम्ही म्हणालात की टेस्टच्या आधी दोन दिवस गोड खाल्लं म्हणून वाढली असेल. तसं नसतं. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यावर जी साखर चिकटत जाते ती त्यात मोजतात, म्हणजे जानेवारीच्या आकड्यात तुमचा दिवाळीचा आणि त्यानंतरचा काळ लिहिलेला होता, शेवटच्या दोन दिवसांचं त्यात फार काही नव्हतं.

वजनाचं पण असंच आहे. अमेरिकेत २००० साली एक अभ्यास छापून आला होता, १९५ लोकांची वजनं त्यांच्या सणांच्या महिन्यांत, म्हणजे थँक्सगिव्हिंग ते न्यू इयर, आणि नंतरही मोजत गेले. लोकांना वाटायचं आपलं बरंच वाढतं, प्रत्यक्षात सरासरी वाढ निघाली ३७० ग्रॅम, अर्धा किलोसुद्धा नाही. पण हे एवढंसं वाढलेलं पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही फारसं उतरलं नव्हतं. आई, तुझं तसंच झालंय असं मला वाटतं. माझ्या लग्नात तू ६१ किलो होतीस आणि आता ७० आहेस, ते काही एका वर्षात झालेलं नाही, दर दिवाळीला थोडं थोडं येऊन बसलंय. आणि तुझ्या गुडघ्यांना ते कळतं, गुडघेदुखी असलेल्या लोकांवर अभ्यास झालेत त्यात दिसलंय की एक किलो वजन कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. म्हणजे दोन किलो उतरलं तरी पावलागणिक आठ किलोचं ओझं उतरलं! त्यासाठी पूर्वीसारखं ६१ व्हायला नको.

पण म्हणून संक्रांत झाल्यावर तू करतेस तसं रात्रीचं जेवण बंद करून लिंबूपाण्यावर राहायचं, ते अजिबात नको. तू ६६ ची आहेस, या वयात उपाशी राहून जे वजन उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूपण जातात, आणि गुडघ्याला धरून ठेवणारे मांडीचे स्नायूच गेले तर दुखणं वाढणारच. त्यापेक्षा सणात वाढू न देणं सोपं आहे. मी तुमच्याकडून एवढंच मागतेय, दसऱ्याला काट्यावर जो आकडा असेल तोच तुळशीच्या लग्नाला असावा. कमी नको करू, वाढू देऊ नको.

आता चालण्याचं. बाबा म्हणतात एक बेसनलाडू फेडायला किती चालायला लागेल माहितेय का. माहितेय. लाडवात दीडशे-दोनशे कॅलरी तरी जातातच आणि तुमच्या वेगानं अर्धा तास चालून शंभर-सव्वाशे जळतील, हिशोब जुळत नाही हे मला मान्य आहे. पण तुमचं चालणं लाडू फेडायला नाहीच मुळी. जेवल्यावर रक्तात साखर चढते तेव्हा पायांचे स्नायू हलत असले की ते ती साखर ओढून घेतात, आणि वय झालं, डायबेटिस असला तरी पायांचं हे काम चालू राहतं. म्हणून सणाच्या दिवसांत पहाटेचा चारभिंतीच्या टेकडीचा चढ जमला नाही तरी चालेल, पण दुपारी आणि रात्री जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चाला, गल्लीत चाला, मंगळवार तळ्यापर्यंत जाऊन या, पाहुणे असतील तर त्यांना घेऊन जा. मोठा वॉक बुडला की आता उद्यापासून, मग परवापासून असं होतं ना, तिथंच घात होतो. दिवसात दोनदा पंधरा मिनिटं म्हणजे पण अर्धा तासच की. आणि लक्ष्मीपूजनाच्या आसपास पहाटे फटाक्यांचा धूर खाली बसलेला असतो, तेव्हा ऊन पडल्यावर निघा, तुमच्या खोकल्याला ते बरं.

आई, तू म्हणशील मी दिवसभर उभीच असते की. उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं गं. तू सकाळपासून ओट्याशी उभी असतेस, मग दुपारी खाली बसून चार-चार तास चकल्या तळतेस, उठताना भिंतीला धरतेस, हे मी बघितलंय. तुला व्यायामाला वेळ नाही कारण आम्ही सगळे मिळून तुझा वेळ खातो. दादाचं न्यू जर्सीचं पार्सल दिवाळीच्या तीन आठवडे आधी निघायला पाहिजे, म्हणून घट बसले की तू त्याच्या मागे लागतेस, मग शेजारी, मग बाबांचे ऑफिसातले जुने मित्र, मग कामवाल्या मावशी. दादाशी मी बोललेय. यंदा त्याच्या पार्सलमध्ये तुझ्या हातचा चिवडा आणि बेसनलाडू एवढंच जाईल, चकली-शंकरपाळे बचत गटाच्या बायकांकडून घेऊ, त्या छान करतात, आणि लाडू वळायला मी शनिवार-रविवार येते. तू खुर्चीत बसून फक्त बेसन भाजलं गेलं का ते वासावरून सांग, ते अजून मला कळत नाही.

फराळ करूच नका असं मी कधी म्हणणार नाही. ओव्हनमधल्या चकल्या आणि खजुराचे लाडू करून दिवाळी म्हणायचं, मला तरी ते पटत नाही. आणि गुळाचं केलं की बाबांना चालतं हे कोणी सांगितलं माहीत नाही पण ते खरं नाही, गुळानंही शुगर तशीच चढते. त्यापेक्षा खरा लाडू खा, पण एक, आणि नाश्त्याच्या ऐवजी. पोहे खाऊन वर फराळाची प्लेट, मग अकराला कोणी आलं म्हणून चहाबरोबर परत चिवडा, असं चाललं की जातं हाताबाहेर. डबे टेबलावर न ठेवता माळ्यावर ठेव, छोट्या वाटीत काढून आण. आणि उरलेलं वाया जाईल म्हणून तू शेवटी उभ्या उभ्या खातेस ते बंद कर, पातेल्यातलं राहू दे.

नवरात्राचं मात्र मी हट्टानं सांगतेय. गेल्या वर्षी अष्टमीला आरतीच्या वेळी बाबांना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, डोळ्यापुढं अंधारी, शुगर बघितली तर ५८. सकाळची गोळी घेतली होती आणि दिवसभर दोन केळी आणि चहा. ती ग्लिमेपिराइडची गोळी तुम्ही खा न खा साखर खालीच ओढते, म्हणून उपास आणि ती गोळी हे एकत्र नुसतं आपल्या मनानं करायचं नाही. घट बसायच्या आधी डॉक्टरांकडे जा आणि विचारा उपासाच्या दिवशी कुठली गोळी किती घ्यायची, मनानं बंदही करू नका. नऊ दिवस धरण्यापेक्षा उठता-बसता उपास करा, देवी समजून घेईल, माझी खरंच श्रद्धा आहे तशी. आणि उपासाला रोज साबुदाण्याची खिचडी नको, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यापेक्षा थोडे वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, दही, काकडी.

त्या दिवशी आई तू घाबरून बाबांच्या तोंडात कंदी पेढा घातलास. तुला तेव्हा जे सुचलं ते तू केलंस, पण पेढ्यातल्या खव्याच्या स्निग्धपणामुळं त्यातली साखर रक्तात सावकाश जाते. ७० च्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, अजून खालीच असेल तर परत द्यायची. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव.

अजून एक, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, एक दिवसाआड, दोघांनी. पासष्टीच्या पुढच्यांनी चालण्याबरोबर ताकदीचं आणि तोल सांभाळायचं काहीतरी आठवड्यातून तीन दिवस करावं असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय. आईला सुरुवातीला हात टेकावे लागतील, टेकू दे. संध्याकाळी बातम्या लागतात तेव्हा करा, म्हणजे लक्षात राहील.

मी वसुबारसेला येतेय, पाडव्यापर्यंत आहे. एका सकाळी तरी आपण तिघं चारभिंतीला जाऊ, आई जमेल तिथपर्यंत येईल, तिथं आम्ही दोघं परत येईपर्यंत बसेल. पण बाबा, त्या झिजलेल्या चपला घालून तुम्हाला मी चढावर नेणार नाही. मागच्या वेळी तुमच्या टाचेला फोड आला होता आणि तुम्हाला तो दुखत नव्हता, आईला मोजा काढताना दिसला, ते माझ्या मनातून जात नाही. डायबेटिसमध्ये पायाची संवेदना कमी होते तेव्हा असंच होतं. रोज रात्री तळपाय बघा, वाकता येत नसेल तर आईला बघायला सांगा. बूट मी इथूनच आणतेय, पुढून रुंद असलेले. आई, संध्याकाळी बाबांचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलनं आखून घे आणि फोटो पाठव, संध्याकाळीच कर कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नऊ नंबर लागेल का दहा ते त्यावरून बघते.

तुमची,
ताई